पाहुणी होऊन राहू नकोस

पुणे,
ऑगस्टअखेर

प्रिय बाळ,



व्हिसा हातात आला आणि तुझं जपानमधल्या ओकायामाला जाणं पक्कं झालं, हे ताईकडून कळलं. ऑक्टोबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर तू तिथल्या विद्यापीठात असशील. सामानाच्या याद्या घरात सुरू झाल्याच असतील. मेतकूट किती, भाजणी किती, कुकर न्यायचा की तिथे घ्यायचा, हे सांगायला तुझी आई आणि आजी समर्थ आहेत. मला लिहायचं आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. तिथली संस्कृती अनुभवायची आहे, असं तू अर्जात लिहिलं होतंस. सगळेच लिहितात. पण ती अनुभवायची म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

पुण्यात जपानी शिकवताना माझ्या वर्गातली कितीतरी मुलंमुली तिकडे जाऊन आली. परतल्यावर भेटायला येतात, फोटो दाखवतात. फुजी, क्योतोतल्या लाल तोरणांच्या रांगा, भाड्याच्या किमोनोतली छबी, चेरीचा बहर. फोटो बघून झाले की मी एकच विचारते : तिथे तुझ्यावर कोणतं काम होतं? काहींना प्रश्नच कळत नाही. काहींचा चेहरा मात्र एकदम खुलतो. कोणाकडे क्लबच्या खोलीची किल्ली असायची. कोणी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची पाळी सांभाळायचं. कोणी शेजारच्या आजींचा कचरा ठरल्या दिवशी कोपऱ्यावर नेऊन ठेवायचं. ज्यांच्यावर असं काहीतरी होतं, त्यांना तिकडची माणसं आजही विचारतात, पत्रं पाठवतात. मला वाटतं ते इतकंच आहे, आणि बाकीचं पत्र त्याचाच विस्तार आहे : लवकरात लवकर एखादं काम अंगावर घे.

जपानमध्ये पाहुण्याला फार जपतात. तू दोन वाक्यं बोललीस की तुझ्या भाषेचं कौतुक होईल. चॉपस्टिक धरलीस तरी होईल. चुकलीस तर कोणी बोट दाखवणार नाही, उलट तुझी चूक झाकून घेतील. हे सगळं मनापासून असतं, त्यात खोटं काही नाही. पण या आदरातिथ्यात माणूस वर्षभर सुखाने बाहेरच राहू शकतो. ज्या दिवशी कोणीतरी तुला सांगेल, 'अगं, ती चटई अशी नाही गुंडाळायची, पुन्हा गुंडाळ', त्या दिवशी वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दिवशी त्यांनी तुला आपल्यात घेतलं, असं समज.

तिथल्या शाळांत मुलं स्वतःचे वर्ग स्वतः झाडतात आणि पुसतात, हे तुला ठाऊक आहे. त्याचंच मोठं रूप विद्यापीठातल्या मंडळांत दिसतं. तिथे दोन प्रकार असतात. एक 'बुकात्सु', म्हणजे कडक शिस्तीचं, रोजच्या सरावाचं. दुसरं 'सर्कल', जरा मोकळंढाकळं. दोन्हीकडे वरच्या वर्गातले सेम्पाई आणि खालचे कोहाई ही उतरंड असते. नवी मुलं आधी येऊन मांडामांड करतात, शेवटी थांबून आवरतात. तू एकच मंडळ निवड. धनुर्विद्या असो, कोतोवादन असो, चहाविधी असो, पण आठवड्यातून दोनदा तरी भेटणारं आणि ज्यात आवराआवर असते असं निवड. एक दिवस ओरिगामी, एक दिवस कॅलिग्राफी, एक दिवस सुशी, असे परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले कार्यक्रम होतील. त्यांना जा, चांगले असतात, पण त्यावर विसंबू नकोस. तिकडचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मंडळांची भरती एप्रिलमध्ये असते. तू ऑक्टोबरमध्ये पोहोचणार. तुला शोधत कोणी येणार नाही, तुलाच दार वाजवावं लागेल. पोहोचल्यापासून पहिल्या महिन्यातच वाजव. नोव्हेंबर उजाडला की माणूस आपल्या खोलीत आणि आपल्या फोनमध्ये रुळतो, मग बाहेर पडणं जड जातं.

चहाविधीचंच बघ. पाहुणा म्हणून गेलीस तर अर्ध्या तासात वाटी हातात येते, गोड खायचं, चहा प्यायचा, वाटी वळवून तिची नक्षी बघायची आणि निघायचं. पण त्या खोलीच्या मागे 'मिझुया' नावाची लहानशी जागा असते. तिथे वाट्या धुतात, कापडं घड्या करतात, चहाची पूड चाळतात, मिठाई ताटलीत मांडतात. समोर जे अर्ध्या तासात दिसतं, त्याची तयारी इथे सकाळपासून चाललेली असते. कोणत्या ऋतूत कोणती वाटी काढायची, ओलं कापड कुठे ठेवायचं, वडीलधाऱ्या बाईंसमोर केव्हा बोलायचं आणि केव्हा हात चालवत राहायचं, हे सगळं तिथे नकळत अंगात मुरतं. जमलं तर त्या मागच्या खोलीत जा.

तू जाते आहेस ते ओकायामा हे मला फार बरं वाटतं. तोक्योला गेली असतीस तर पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण हरवून जाण्यासारखंही तितकंच होतं. ओकायामा बेताचं शहर आहे, सपाट आहे, ऊनही बरं असतं. आणि सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान तू लहानपणापासून पाहिलंयस, ते ज्या बागेवरून घेतलं ती कोराकुएन तिथलीच. आसाही नदीच्या बेटावर असलेली ही बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवून घेतली, 1700 मध्ये ती पुरी झाली, आणि जपानच्या तीन थोर बागांत तिची गणना होते. तिथे जाशील तेव्हा हिरवळ आणि तळं बघशीलच, पण बागेच्या आत भाताची खाचरं आहेत आणि चहाचा मळा आहे, तिकडेही जा. सरदाराच्या बागेत शेत कशाला, हा प्रश्न कोणा माळीबुवांना विचार. जूनमध्ये तिथे भातलावणीचा सोहळा होतो. लावणी म्हणजे काय हे तुला आजोळी ठाऊक आहे, त्यामुळे त्या दिवशी तुझ्याकडेही बोलायला काहीतरी असेल.

आता मोमोतारोबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ओकायामात पाय ठेवल्याबरोबर हा मुलगा तुला भेटणार आहे. स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे, मुख्य रस्त्याला त्याचं नाव आहे, गटारांच्या झाकणांवरसुद्धा तो आहे. पीचच्या फळातून जन्मलेला हा मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना किबी दांगो नावाचे लाडू देऊन सोबतीला घेतो आणि बेटावर जाऊन राक्षसांना हरवतो, ही गोष्ट प्रत्येक जपानी मुलाला येते. ओकायामाचे लोक तिचं मूळ आपल्याकडच्या दंतकथेत सांगतात. त्या कथेतला राक्षस उरा. तो कोरियाच्या बाजूच्या पेकचे राज्यातून आलेला राजपुत्र होता, डोंगरावर किल्ला बांधून राहिला, लोकांना लुबाडू लागला, म्हणून यामातोच्या दरबाराने किबित्सुहिको या राजपुत्राला पाठवलं आणि त्याने उराचा वध केला. पण त्याच मुलखातले काही जण सांगतात की उराने या भागात लोखंड गाळण्याची विद्या आणली. तो किल्ला म्हणून दाखवतात ती किनोजो नावाची डोंगरी तटबंदी आजही उभी आहे. सातव्या शतकातली, पावणेतीन किलोमीटरचा वेढा असलेली. वर चढून जा. सपाटीवरची शेतं आणि लांबवर समुद्र दिसतो. परक्या मुलखातून आलेला माणूस राक्षस कसा ठरला असेल, याचा विचार करायला त्यासारखी जागा नाही.

कथेचा शेवट तर आणखी विलक्षण आहे. उराचं मुंडकं कापलं तरी ते वर्षानुवर्षं कण्हत राहिलं. किबित्सु देवळाच्या स्वयंपाकघराखाली पुरलं तरी आवाज थांबेना. शेवटी उरा किबित्सुहिकोच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या बायकोला इथल्या चुलीवर अन्न शिजवू दे, मी त्या हंड्याच्या आवाजातून शुभाशुभ सांगेन. आजही त्या देवळात शुक्रवार सोडून एरवी हा विधी होतो. हंड्यात तांदूळ वाफवतात आणि हंडा घुमतो. ओकायामाहून किबी लाइनच्या गाडीने तासाभराच्या आत तू तिथे पोहोचशील. पंधराव्या शतकातलं मुख्य देऊळ आणि उतारावरून खाली जाणारी जवळपास चारशे मीटरची लाकडी ओवरी दोन्ही बघ, पण हंड्याच्या खोलीत जाऊन शांत बसायला विसरू नकोस. ज्याला मारलं त्याचंच भविष्य ऐकायला लोक येतात. कुठल्याही पुस्तकातल्या 'जपानी लोक असे असतात' या वाक्यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

आणि आता कामाचं. 1994 पासून ओकायामात ऑगस्टच्या सुरुवातीला 'उराजा' नावाचा नृत्यमहोत्सव होतो. नाचणारे उराच्या रूपात चेहरे रंगवतात. मोमोतारोच्या शहरात हजारो लोक राक्षस होऊन रस्त्यावर नाचतात. त्यांचे गट असतात, विद्यार्थ्यांचेही असतात, आणि गटांचा सराव कित्येक महिने चालतो. तुझं परतीचं तिकीट ऑगस्टच्या मध्यानंतरचं काढ आणि वसंतातच एखाद्या गटात शीर. आपल्याकडे विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणारा आणि जूनपासून नदीकाठी ढोलाचा सराव करून पथकात वाजवणारा, दोघांनीही मिरवणूक 'पाहिली' असंच म्हणतात. पण त्या दोघांच्या मिरवणुकीत किती अंतर असतं, हे तुला मी सांगायला नको, तू स्वतः ताशा वाजवलायस. तिथेही पथकात जा.

सगळ्याच गोष्टी तुझ्यासाठी खुल्या नसतील, तेही मनाला लावून घेऊ नकोस. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी सायदाइजीच्या देवळात हादाका मात्सुरी असते. रात्री दहाला दिवे मालवून पुजारी वरून दोन पवित्र काठ्या फेकतात आणि लंगोट नेसलेले हजारो पुरुष त्यांच्यासाठी झुंजतात. सोळाव्या शतकाच्या आरंभापासूनची ही परंपरा आहे. तिथे तू कडेलाच उभी राहशील. ते एकदा पाहावं असंच आहे.

आता गल्लीबद्दल. संस्कृती म्हटलं की आपल्याला देऊळ आणि किमोनो आठवतो, पण तिथल्या लोकांचं एकमेकांशी नातं कळायचं असेल तर कचऱ्याचा कोपरा बघ. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्लास्टिक, सगळं वेगळं. जळणाऱ्यासाठी महापालिकेच्या ठरलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक प्रकाराचा वार ठरलेला. आदल्या रात्री ठेवलेली पिशवी कावळे फोडतात, आणि मग कोपऱ्याची पाळी ज्याच्यावर असते त्याला ते झाडावं लागतं. तो बहुधा एखादा सत्तरीतला शेजारी असतो. तू ओला कचरा चुकीच्या दिवशी ठेवलास तर त्याच्या पाठीला त्रास होणार, हा त्या नियमाचा खरा अर्थ आहे. सकाळी वेळेवर पिशवी घेऊन खाली उतर, नाव सांग, नमस्कार कर. आठ-पंधरा दिवसांत तो तुला ओळखू लागेल. झाडायला मदत करू का, असं एकदा विचारून बघ.

पोहोचल्यावर पत्ता ठरला की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात नोंदणी करायची. विद्यापीठाचा त्सुशिमा परिसर उत्तर प्रभागात, म्हणजे किता-कू मध्ये येतो. तिथेच राष्ट्रीय आरोग्यविम्याचं काम होतं. तो झाला की दवाखान्याच्या बिलातला तीस टक्के वाटा तुझा. सायकल घेशील तेव्हा तिची चोरीविरोधी नोंदणी करून घे. एका सायकलवर दोघींनी बसायचं नाही, पावसात एका हातात छत्री धरून चालवायची नाही. आणि हे नीट लक्षात ठेव : ओकायामात शेतीसाठी काढलेले पाण्याचे कालवे शहराच्या रस्त्यांच्या कडेनेच वाहतात, आणि कित्येक ठिकाणी त्यांना कठडा नसतो. अंधारात सायकलसकट त्यात पडणारे लोक दरवर्षी असतात. दिवा लावल्याशिवाय रात्री निघू नकोस.

अर्धवेळ नोकरी करायची असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. पैशासाठी गरज नसली तरी शिष्यवृत्तीच्या नियमात बसत असेल तर थोडी नोकरी कर, असंच मी सांगेन. घरगुती पद्धतीच्या एखाद्या लहान खानावळीत भांडी घासताना आणि 'या, बसा' म्हणताना जी भाषा कानावर पडते, ती वर्गात मिळत नाही. तोक्योची प्रमाण भाषा शिकून गेलेल्या तुला ओकायामाच्या काकांचं बोलणं पहिल्या महिन्यात समजणारच नाही. घाबरू नकोस. पुण्याची भाषा शिकून मालवणात गेलेल्या माणसाला वेळ लागतो, तेवढाच लागेल.

खाण्याबद्दल तुझी आई काळजीत आहे, आणि ती बरोबर आहे. तू शाकाहारी आहेस. तिकडे 'मी मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण 'दाशी' नावाचा जो मूळ रस्सा आहे, तो बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. उदोनच्या वाटीत, मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भोपळ्याच्या फोडीतही तो असतो. तुला काय चालेल आणि काय नाही, हे इथून निघण्याआधीच ठरव. रस्सा चालेल म्हणालीस तरी माझी हरकत नाही, चालणार नाही म्हणालीस तरी नाही. पण जे ठरेल ते निमंत्रण आलं की त्याच दिवशी स्पष्ट सांग. यजमानीणबाईंनी दिवसभर राबून ताट मांडल्यावर सांगणं हे त्यांच्या दृष्टीने फार दुखावणारं असतं, कारण त्यांना वाटतं की आपण नीट चौकशी केली नाही. झेन देवळांतलं 'शोजिन र्योरी' पूर्ण शाकाहारी असतं, तिथे दाशी समुद्री शेवाळ आणि शिताके अळंब्यांची करतात. टोफू, एदामामे, उमेबोशी घातलेली ओनिगिरी, सोयाबीनच्या दुधाची साय. उपाशी राहणार नाहीस. जुलै-ऑगस्टमधले ओकायामाचे पांढरे पीच खाऊन ये. तशी चव मी दुसरीकडे घेतलेली नाही.

बाराझुशी तुझ्या ताटात येणार नाही, तिच्यात मासे असतात, पण तिची कथा ऐक. इकेदा मित्सुमासा या सरदाराने प्रजेला काटकसरीसाठी हुकूम काढला की जेवणात एक सूप आणि एकच पदार्थ असावा. तेव्हा लोकांनी मासे, भाज्या, अंडं, सगळं भातातच मिसळलं, म्हणजे पदार्थ एकच झाला, असं सांगतात. सणाला घरी ती करतात तेव्हा अख्खं घर चिरायला बसतं. चिरायला तूही बस. खाल्लं नाहीस तरी चालेल. आणि एखाद्या रविवारी तू थालीपीठ लाव आणि त्यांना थापायला बसव.

एक गोष्ट जरा ठासून सांगते. तिथल्या देवळात तुला बिवा वाजवणारी बेन्झाइतेन दिसेल, ती आपली सरस्वती आहे. कांगितेन नावाने गणपती आहे, त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी झाकलेली असते. स्मशानात थडग्यांमागे उभ्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं दिसतील, आणि तुझ्या अंगावर काटा येईल. माझ्याही आला होता. पण तिथल्या तिथे 'हे तर आमचंच' असं म्हणायला धावू नकोस. आपली बरीच मंडळी हे करतात आणि समोरचा माणूस नम्रपणे हसून गप्प होतो. त्या देवता चीन आणि कोरियातून शतकं ओलांडत तिथे गेल्या, आणि हजार वर्षांहून अधिक काळ त्या लोकांनी त्यांना आपल्या गरजांप्रमाणे घडवलं. बेन्झाइतेनची देवळं पाण्याकाठी असतात. कामाकुराच्या एका देवळात लोक तिच्या झऱ्यात पैसे धुतात, वाढावेत म्हणून. सरस्वतीकडे आपण पैसे मागत नाही. मग ते का मागतात? हा प्रश्न विचारलास तर गप्पा सुरू होतील. हक्क सांगितलास तर त्या तिथेच संपतील.

तसंच भारताबद्दल. 'इंडियात असं असतं का' हे तुला शंभर वेळा विचारतील. एवढ्या मोठ्या देशाच्या वतीने उत्तर देऊ नकोस. तुझ्या वाड्यात, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात, तुझ्या कॉलेजच्या कट्ट्यावर काय असतं ते सांग. त्यातून त्यांना जास्त कळेल, आणि ते खरंही असेल.

ओकायामाच्या किल्ल्याजवळून जाशील तेव्हा त्याचा काळा रंग बघ, त्याला कावळा-किल्ला म्हणतात. मूळचा 29 जून 1945 च्या पहाटेच्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्या रात्री ओकायामात 1,700 हून अधिक माणसं गेली. आता आहे तो 1966 चा, काँक्रीटचा. हिरोशिमा बुलेट ट्रेनने तासाच्या आत आहे, तिथे जाशीलच. पण 29 जूनला ओकायामातच राहा. म्हातारी माणसं आपणहून बोलणार नाहीत, पण ऐकणारं कोणी आहे असं दिसलं तर बोलतात.

एकटं वाटेल. बसमध्ये सगळ्या जागा भरतील आणि तुझ्या शेजारची रिकामी राहील, हे बहुतेक परदेशी माणसांना तिथे अनुभवावं लागतं. परदेशी म्हणून घर नाकारणारे घरमालकही असतात. राग येईल, येऊ दे. तो लपवून 'जपान किती छान' असं इन्स्टाग्रामवर लिहू नकोस, आणि त्या एका रागावर अख्ख्या देशाचा निकालही लावू नकोस. घरी रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल करायची सवय मात्र लागू देऊ नकोस. मी ताईलाही हे सांगितलंय, ती माझ्यावर रुसली आहे. आठवड्यातून दोनदा पुरे. वसतिगृहात भारतीय मुलंमुली असतील, त्यांच्यात जरूर जा, आजारपणात तेच उपयोगी पडतात. फक्त प्रत्येक संध्याकाळ तिथेच जाऊ नये.

आणि एखाद्या शिक्षकाशी नातं जोड. लू शुन हा चिनी लेखक 1904 मध्ये सेंदाईच्या वैद्यकीय शाळेत शिकायला गेला. शरीररचना शिकवणारे फुजिनो सर त्याच्या वर्गातल्या टिपणांच्या वह्या मागून घ्यायचे आणि लाल शाईने सुधारून परत द्यायचे, व्याकरणाच्या चुकांसकट. त्या काळात चिनी विद्यार्थ्यांना तिथे अपमान सोसावा लागे, त्यालाही लागला. तो डॉक्टर झाला नाही, सेंदाई सोडून गेला. पण वीस वर्षांनी त्याने त्या शिक्षकांवर लेख लिहिला आणि त्यांचा फोटो लिहायच्या टेबलासमोर लावला. ओकायामाचंही असं उदाहरण आहे. क्वो मो-रो हा चिनी कवी तरुणपणी ओकायामाच्या सहाव्या उच्च विद्यालयात शिकला. पुढे दोन्ही देशांत भयंकर युद्ध झालं. युद्धानंतर कोराकुएनमधले लाल माथ्याचे क्रौंच संपले होते. 1956 मध्ये क्वोने ओकायामाला दोन क्रौंच भेट पाठवले. आज बागेत क्रौंच आहेत, नव्या वर्षाच्या दिवशी त्यांना मोकळं सोडतात. तेव्हा गर्दीत जाऊन उभी राहा. तुझ्यासारख्याच एका परदेशी विद्यार्थ्याने लावलेली गोष्ट आहे ती.

वही दाखवायला लाजू नकोस. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा दारावर लिहिलेल्या असतात. काही समजलं नाही तर मान डोलावून निघू नकोस.

बाईमाणूस म्हणून दोन गोष्टी. मंडळाच्या पार्ट्यांत दारू असते आणि आग्रहही होऊ शकतो. मला ऊलाँग चहा चालेल, असं पहिल्याच घोटाला सांगून टाकायचं, पुन्हा कारण द्यायचं नाही. तिथे वीस वर्षांखालच्यांना दारू पिणं कायद्यानेच बंद आहे, तेव्हा तुझ्या वर्गातल्या काही जणीही चहाच घेत असतील. गर्दीच्या गाडीत कोणी त्रास दिला तर गप्प बसू नकोस. मोठ्याने बोल आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना गाठ. पोलिसांचा नंबर 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा 119. हे दोन्ही फोनमध्ये नाही, डोक्यात ठेव.

पोहोचल्यावर लगेचच, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इन्बे गावात बिझेन मातीच्या भांड्यांचा उत्सव असतो. भांड्यांना झिलई नसते. पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस भट्टी चालते, आणि राख व ज्वाला जिथे जशी पोहोचेल तसा रंग येतो. तिथे जा, पण काही विकत घेऊ नकोस. हातात घेऊन बघ, कारागिरांशी बोल, आणि कोणाच्या भट्टीला लाकडं रचायला माणसं लागतात का ते विचार. मग वसंतात, तुला नक्की आवडेल असं एक भांडं निवड.

निघायच्या शेवटच्या महिन्यात सायकल कोणाला द्यायची, विम्याचं आणि वॉर्ड ऑफिसचं कसं मिटवायचं, खोली झाडून किल्ली केव्हा द्यायची, याची यादी जूनमध्येच कर. ज्यांनी तुला काम दिलं त्या प्रत्येकाला भेटून सांग की मी अमुक तारखेला निघते, माझं काम आता कोणाकडे सोपवू. आणि डिसेंबरात त्यांना नव्या वर्षाची पोस्टकार्डं लिहायला लाग. तिथल्या पोस्टात 25 डिसेंबरच्या आत टाकलेली कार्डं 1 जानेवारीला घरोघरी पोहोचवतात. तू इथे असशील तेव्हा आणखी आधी टाकावी लागतील.

पत्ता ठरला की कळव. तुझ्या मंडळाचं नाव कळलं की तेही कळव, आणि तिथे तुझ्याकडे कोणतं काम दिलंय ते सविस्तर लिही.

तुझी
मावशी